परीकथेचा शेवट आणि चित्रपटातील वास्तव : 'सैराट'च्या निमित्ताने काही विचार

परीकथा वास्तवाच्या भूमीवर उतरविणे म्हणजे नेमके काय करणे, हा प्रश्न चित्रपटसमीक्षेत वारंवार उपस्थित होतो आणि बहुधा तितक्याच घाईने निकालात काढला जातो. परी, जादूची कांडी, बोलणारे पक्षी आणि भोपळ्याची झालेली गाडी एवढी सामग्री कथेतून वगळली, चमत्काराच्या जागी बुद्धीला पटेल असे एखादे कारण योजिले आणि पात्रांना विशिष्ट देशकालाची वस्त्रे चढविली, की कथा वास्तव झाली, असे सामान्यतः मानण्यात येते. ह्या समजुतीची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी नागराज मंजुळे यांचा २०१६ साली प्रदर्शित झालेला 'सैराट' हा चित्रपट प्रमुख उदाहरण म्हणून घेतला असून अँडी टेनंट यांचा 'एव्हर आफ्टर' (१९९८) हा सिंड्रेलाच्या कथेवरील इंग्रजी चित्रपट तुलनेसाठी समोर ठेवला आहे. प्रस्तुत लेखकाचा अभ्यासविषय भाषाविज्ञान असल्यामुळे पात्रांची नावे, संबोधने आणि क्रियापदांचे अर्थ ह्यांकडे येथे अधिक लक्ष दिले गेले आहे. चित्रपटाचे तंत्र हा ह्या लेखाचा विषय नाही.

'एव्हर आफ्टर'ची रचना वरील समजुतीचे उत्तम प्रात्यक्षिक होय. एक वृद्ध राजस्त्री ग्रिमबंधूंना बोलावून घेते आणि सिंड्रेलाची खरी हकीकत आपण सांगतो, असे म्हणून कथेस प्रारंभ करते. हकीकत सोळाव्या शतकातील फ्रान्समधील आहे. सावत्र आई आहे, दोन बहिणी आहेत, राजपुत्र आहे, नृत्यसमारंभ आहे आणि पादत्राणही आहे. नाही ती केवळ परी. तिच्या जागी लिओनार्दो दा विंची हा चित्रकार येतो. तो नायिकेला पंख करून देतो आणि तिला कोंडून ठेवलेल्या खोलीचे दार बिजागऱ्यांतून उचकटून मोकळे करतो. चमत्काराची जागा अशा रीतीने कसबाने घेतली आहे. नायिका डॅनिएल पुस्तके वाचणारी, वाद घालणारी आणि प्रसंगी तलवार हाती धरून स्वतःची सुटका करून घेणारी आहे. ह्या सुधारणा स्वागतार्ह आहेत, ह्यात शंका नाही. पण त्यांमुळे कथेचा शेवट तसूभरही हललेला नाही. राजपुत्राशी विवाह होतो, दुष्टांना शासन होते आणि कथा सुखाने संपते.

येथे मूळ कथेचे एक वैशिष्ट्य ध्यानी घेतले पाहिजे. शार्ल पेरो याने १६९७ साली प्रसिद्ध केलेल्या कथेत काय, किंवा ग्रिमबंधूंच्या १८१२ मधील संग्रहात काय, सिंड्रेला ही जन्माने हीन नाही. पेरोच्या कथेत ती एका प्रतिष्ठित गृहस्थाची कन्या आहे. चुलीजवळची राख तिच्या वाट्यास आली ती सावत्र आईच्या दुष्टपणामुळे. म्हणजे कथा जे करते ते एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर उन्नयन नव्हे. हिरावून घेतलेली पायरी परत मिळवून देणे एवढेच ती करते. पादत्राण पायात बसते, कारण तो पाय मुळातच त्या पादत्राणाचा होता. 'एव्हर आफ्टर'मध्येही डॅनिएलला दासीपण आले आहे ते वडिलांच्या मृत्यूनंतर. चमत्कार काढून टाकूनही कथेचा हा सामाजिक पाया जसाच्या तसा राहू शकतो, ही गोष्ट अभ्यासकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आता 'सैराट'कडे वळू. कथानक सर्वपरिचित असले तरी त्याचा सांगाडा एकदा परीकथेच्या परिभाषेत मांडून पाहणे उपयुक्त ठरेल. आटपाट नगराच्या जागी सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्याचा परिसर आहे. तेथील सत्ताधारी तात्या पाटील हा राजा. त्याची कन्या अर्चना ऊर्फ आर्ची ही राजकन्या. मासेमारी करणाऱ्या घरातील प्रशांत ऊर्फ परश्या हा निर्धन पण गुणी नायक. आणि सल्या व लंगड्या हे त्याचे दोन इमानी साहाय्यक. निरोप पोहोचविण्याचे काम कथेतील पोपटाऐवजी एक लहान मुलगा करतो. राजपुत्रही आहे, मात्र तो नायिकेचा भाऊ आहे आणि त्याचे नावच 'प्रिन्स' असे ठेवलेले आहे. परकीय भाषेतील एक पद विशेषनाम होऊन ग्रामीण मराठीत वावरते, हे आजच्या महाराष्ट्रात नवल राहिलेले नाही. परंतु ह्या कथेत त्या नावास वेगळेच वजन येते. हा राजपुत्र कोणाला सोडवावयास येत नाही. वर्गात कविता शिकविणाऱ्या नव्या प्राध्यापकांच्या तो श्रीमुखात भडकावतो आणि कथेच्या अखेरीस बहिणीच्या दाराशी येऊन उभा राहतो. परीकथेत प्रेमाचा उदय राजवाड्यातील नृत्यसमारंभात होतो. येथे प्रिन्सच्या वाढदिवसाच्या मेजवानीत, सारे गाव नाचत असताना, ते प्रेम उघडकीस येते. संविधानकातील प्रत्येक घटक परीकथेचाच आहे, पण त्याचे कार्य मात्र उलटे झाले आहे.

व्लादिमीर प्रॉप ह्या रशियन अभ्यासकाने १९२८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात अद्भुतकथेची एकतीस कार्ये क्रमवार मांडून दाखविली. त्यांतील एकतिसावे व शेवटचे कार्य म्हणजे विवाह व राज्यप्राप्ती. आपल्याकडील कहाणीही साठा उत्तरांवरून पाचा उत्तरांवर येऊन सुफळ संपूर्ण होते. तिच्यानंतर काय झाले, हे विचारण्याची सोय त्या वाक्यप्रयोगातच ठेवलेली नाही. 'सैराट'चे प्रमुख रचनातत्त्व असे, की परीकथा ज्या ठिकाणी पूर्णविराम देते त्या ठिकाणी हा चित्रपट स्वल्पविराम देतो. प्रेमिकांनी गाव सोडणे, म्हणजे एरवीच्या प्रेमकथेत शेवटास येणारी घटना, येथे मध्यावर येते आणि तेथून पुढे जवळजवळ निम्मा चित्रपट शिल्लक राहतो. हैदराबादच्या झोपडपट्टीतील खोली, रात्रीची भीती, मळमळ आणणारी अस्वच्छता, रोजंदारी, भांडण, संशय, समेट, नोंदणी-विवाह, मूल, आणि स्वतःच्या घराची स्वप्ने असा हा उत्तरभाग आहे.

पूर्वार्धात चमत्कार अजिबात काढून टाकलेला नाही, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. विहीर, ऊस, जलाशय, सायंप्रकाश आणि मंदगतीने धावणाऱ्या आकृती ह्यांवर अजय-अतुल यांचे संगीत पसरते. त्याचे ध्वनिमुद्रण अमेरिकेत पाश्चात्त्य वाद्यवृंदाकडून करून घेतलेले आहे. करमाळ्याच्या माळावर व्हायोलिनांचा समूह कोठून आला, असा प्रश्न प्रेक्षकास पडत नाही. कारण प्रेमात पडलेल्या कोवळ्या मनाला जग जसे भासते तसेच ते येथे दाखविले आहे. चित्रपटातील चारही गीते ह्याच भागात येतात. उत्तरार्धात गीत नाही, आणि त्या भरघोस वाद्यवृंदाचा आधारही नाही. टेनंट यांनी चमत्कार काढला व शेवट राखला. मंजुळे यांनी चमत्कार राखला व शेवट काढून घेतला. ह्या दोन कृतींपैकी वास्तवाच्या अधिक निकट कोणती, ह्याचा निर्णय करणे अवघड नाही.

ह्या स्थित्यंतराचा सर्वांत विश्वसनीय साक्षीदार म्हणजे आर्चीचे बोलणे होय. पूर्वार्धात तिच्या तोंडी प्रामुख्याने आज्ञार्थ आहे. विहिरीत पोहणाऱ्या मुलांना ती बाहेर निघावयास सांगते; बुलेट चालविते, ट्रॅक्टर चालविते; आणि मराठीत सांगितलेले समजत नसेल तर इंग्रजीत सांगू काय, असे एका प्रसंगी दरडावून विचारते. हे वाक्य महाराष्ट्रभर लोकप्रिय झाले. त्यातील विनोद सर्वांच्या ध्यानी आला. सत्तेचे व्याकरण मात्र फारसे कोणी पाहिले नाही. वाक्य रूपाने प्रश्नार्थक असले तरी कार्याने ती आज्ञाच आहे, आणि ती आज्ञा चालते ती बोलणारी पाटलाची मुलगी आहे म्हणून. तिची बोली प्रमाण मराठी नाही. करमाळ्याकडील ग्रामीण बोली आहे. मराठी चित्रपटाने दीर्घकाळ अशी बोली विनोदी पात्रांकडे किंवा दासदासींकडे सोपविली होती. येथे ती नायिकेची, अधिकाराची आणि प्रणयाची भाषा झाली आहे, हे ह्या चित्रपटाचे भाषिक कार्य थोडे नाही.

पण हैदराबादेस पोहोचताच ही भाषा निरुपयोगी ठरते. सभोवताली तेलुगू बोलली जाते. आर्चीला ती कळत नाही, आणि इंग्रजीची धमकीही आता कोणास देता येत नाही. जिची जिव्हा आज्ञार्थाला सरावली होती तिला आता बोटाने दाखवून वस्तू मागावी लागते. राजकन्येचे राज्य गेले, ही गोष्ट राजवाड्यावरून किंवा अलंकारांवरून दाखविण्याऐवजी दिग्दर्शकाने भाषेवरून दाखविली, आणि हे दर्शन अधिक खोल आहे. पुढे कारखान्यात काम करताना ती हळूहळू तेलुगू शिकते. त्या शिकण्याबरोबर तिला जे स्थान मिळते ते मात्र सर्वस्वी स्वकष्टार्जित असते. पूर्वार्धातील अधिकार जन्माचा होता, उत्तरार्धातील अधिकार श्रमाचा आहे. आणि ह्या दोहोंमधील अंतर ती एका परक्या भाषेच्या वाटेने चालून जाते.

ह्या वाटेवर तिला भेटणारी सुमनअक्का ही परीकथेतील परीच होय. प्रॉपच्या परिभाषेत ती 'दाता' ठरते. रस्त्यावरील गुंडांपासून ती ह्या जोडप्याला सोडविते, निवारा देते आणि उपजीविकेचे साधन दाखविते. तिच्याजवळ कांडी नाही, डोशाचा तवा आहे. तिच्या नावातील 'अक्का' ह्या शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. हा शब्द मराठीने द्राविडी भाषांपासून घेतला आणि तो इतका आपलासा केला, की त्याचे परकेपण कोणास जाणवत नाही. मराठीत आणि तेलुगूत थोरल्या बहिणीसाठी तो सारख्याच आपुलकीने उच्चारला जातो. स्वतःच्या भावाने ज्यांना बहिष्कृत केले, त्यांना दोन्ही भाषांना समान असलेल्या नात्याच्या नावाने आसरा मिळावा, ही घटना दिग्दर्शकाने जाणीवपूर्वक योजिली असो वा नसो, ती अर्थपूर्ण आहे खास.

आता मुख्य प्रश्न. परीकथेतही राजा बहुधा निर्धन वराच्या विरुद्धच असतो. मग तेथे विवाह का होतो आणि येथे का होऊ दिला जात नाही? ह्याचे उत्तर 'पण' ह्या संस्थेत सापडते. परीकथेतील राजा अट घालतो : सात समुद्रांपलीकडील फूल आण, राक्षसाला मार, कोडे सोडव. अट कितीही दुष्कर असली तरी ती अट असते; पुरी झाली की राजकन्या आणि अर्धे राज्य देणे राजाला भाग पडते. पण म्हणजे एक प्रकारचा करार होय, आणि करारात दुसऱ्या पक्षाची पात्रता सिद्ध होण्याची शक्यता गृहीत धरलेली असते. जातीच्या व्यवस्थेत अशी अटच घातली जात नाही, कारण अट पुरी करून मिळविण्यासारखी पात्रता तेथे मान्यच नाही. द्रौपदीस्वयंवराच्या प्रचलित कथेत कर्ण धनुष्य उचलण्यास पुढे होतो, तेव्हा त्याच्या बाहुबलाविषयी कोणी शंका घेत नाही. सूतकुलाचा उल्लेख पुरेसा होतो. परश्या उत्तम क्रिकेट खेळतो, कविता करतो, अभ्यासात चांगला आहे. ह्यांपैकी कोणत्याही गुणाला तात्या पाटलांच्या दरबारी किंमत येत नाही. परीकथेचे यंत्र ज्या चाकावर फिरते ते चाकच ह्या समाजातून काढून टाकलेले आहे, आणि हे दाखवून देणे म्हणजे परीकथेची वास्तववादी मांडणी करणे होय. दारिद्र्याची, घाणीची किंवा रक्ताची दृश्ये ही त्या मांडणीची साधने. तिचे मर्म नव्हे.

मराठी चित्रपटात लोककथेचे आणि वास्तवाचे नाते ह्यापूर्वीही शोधले गेले आहे. पनवेलहून गोव्याच्या रस्त्याने जाताना कर्नाळ्याचा सुळका दिसतो आणि त्या सुळक्यावरील मधमाश्यांची पोळी ह्या भागात सर्वांना ठाऊक आहेत. अशाच डोंगरातील ठाकरांचे जीवन गो. नी. दांडेकर यांनी 'जैत रे जैत' ह्या कादंबरीत रंगविले. तिच्यावरून जब्बार पटेल यांनी १९७७ साली चित्रपट केला. राणीमाशी पाहण्याचा नाग्याचा ध्यास आणि नवरा सोडून आलेल्या चिंधीचे त्याच्यावरील प्रेम ह्यांत परीकथेचे सर्व गुण आहेत : दुर्गम डोंगर, अप्राप्य राणी, जिवावरचे साहस. नाग्याला जैत लाभते, परंतु चिंधीच्या मृत्यूचे मोल देऊन. तेथे प्रतिपक्षी डोंगर आहे, दैव आहे. तो शोकान्त मनुष्याच्या मर्यादेचा आहे. 'सैराट'मधील प्रतिपक्षी माणसेच आहेत, आणि तीही घरचीच. दोन्ही चित्रपटांत ना. धों. महानोर किंवा अजय-अतुल यांच्या गीतांनी कथेस उचलून धरले आहे. पण 'जैत रे जैत'मध्ये गीत अखेरपर्यंत सोबत करते, 'सैराट'मध्ये ते अर्ध्या वाटेवर सोडून जाते. दैवाच्या शोकान्ताला गाणे शोभते. माणसांनी घडविलेल्या शोकान्ताला ते शोभत नाही, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो.

'सैराट'चा शेवट ह्याच दृष्टीने पाहावा. काही वर्षे लोटली आहेत. आर्चीने आईशी दूरध्वनीवर बोलणे सुरू केले आहे. प्रिन्स व त्याच्यासमवेतचे लोक माहेरच्या भेटी घेऊन दाराशी येतात, चहा होतो. भेटवस्तूंच्या मिषाने मृत्यूने घरात प्रवेश करावा, हा हिमगौरीच्या कथेतील जुनाच प्रसंग होय. फरक एवढाच, की येथे वेषांतराची गरज भासत नाही. भाऊ हेच वेषांतर पुरेसे आहे. प्रत्यक्ष हत्या आपल्याला दाखविली जात नाही. शेजारणीकडून परतलेले लहान मूल आत जाते आणि बाहेर येताना त्याच्या चिमुकल्या पावलांचे रक्तरंजित ठसे जमिनीवर उमटतात. पडद्यावर आवाज उरत नाही. सिंड्रेलाच्या कथेत पाऊल हे ओळख पटविण्याचे साधन आहे, आणि ती ओळख सुखाची आहे. येथेही अखेरची खूण पावलाचीच आहे. ती ज्याची ओळख पटविते तो आपला समाज आहे.

ह्या शेवटाचे महत्त्व हिंदी रूपांतराशी तुलना करता अधिक स्पष्ट होते. शशांक खेतान यांच्या 'धडक'मध्ये (२०१८) कथा उदयपूरहून कलकत्त्यास नेली आहे. जातीचा उल्लेख पुसट होऊन राजकीय प्रतिष्ठेचा प्रश्न पुढे आला, आणि शेवटी नायक व मूल मारले जाऊन नायिका जिवंत राहते. मृत्यूंची संख्या तीच राहिली; अर्थ मात्र गळून गेला. जातीच्या जागी केवळ एका कुटुंबाचा अहंकार आला, की हत्या हा एका दुष्ट पित्याचा अपराध ठरतो, आणि मग आपण पुन्हा सावत्र आईच्या कथेशी येऊन पोहोचतो. दुःखान्त म्हणजे वास्तव, हे समीकरण किती फसवे आहे, हे ह्यावरून दिसून येईल.

'सैराट' सर्वस्वी निर्दोष आहे असे नाही. पूर्वार्धातील मंदगतीची दृश्ये आवश्यकतेपेक्षा लांबली आहेत. उत्तरार्धात परश्याच्या मनात उत्पन्न होणारा संशय आणि त्यातून त्याने आर्चीवर उगारलेला हात ह्यांची मानसिक पूर्वतयारी तोकडी आहे. पूर्वार्धातील लाजाळू प्रेमिकाचे हे रूपांतर सत्य असले तरी ते घडताना पुरेसे दिसत नाही. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : अशा शेवटाने तरुण मनावर जातीबाहेर प्रेम न करण्याचाच संस्कार होणार नाही काय? ह्या आक्षेपाचा विचार झाला पाहिजे. परंतु तो घेणाऱ्यांनी हेही पाहावे, की चित्रपट त्या दोघांचा संसार मोडलेला दाखवीत नाही. परक्या शहरात, परक्या भाषेत, कोणाच्याही आशीर्वादावाचून तो संसार उभा राहिला आहे. परीकथेने दिलेले वचन त्या दोघांनी आपल्यापुरते खरे करून दाखविले होते. अपयश आले ते प्रेमाला नव्हे; ज्यांनी सुरी आणली त्यांच्या माणुसकीला आले.

प्रश्न केवळ साहित्यशास्त्राचा नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने सज्ञान स्त्रीपुरुषांना जातिधर्मनिरपेक्ष विवाहाचा मार्ग खुला केला. मात्र त्यातही तीस दिवसांची जाहीर सूचना आहे, आणि जी सूचना कार्यालयाच्या फलकावर लागते ती घरच्यांनाही वाचता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये 'शक्तिवाहिनी' खटल्याच्या निकालात सज्ञान व्यक्तींच्या विवाहास कुटुंबाची वा जमातीची संमती आवश्यक नाही, असे निःसंदिग्धपणे सांगितले आणि अशा जोडप्यांच्या रक्षणासाठी उपाय योजण्याचे आदेश दिले. म्हणजे कायद्याच्या पुस्तकात 'पण' नाहीसा झाला आहे. समाजाच्या मनात मात्र बंदी शिल्लक आहे. पनवेलसारख्या ठिकाणी, जेथे पुण्याचा आणि गोव्याचा रस्ता फुटतो आणि आगरी, कोळी, ठाकरी, घाटावरची अशा अनेक बोली एकाच वर्गात शेजारी बसतात, तेथे हा प्रश्न शिकविताना दूरच्या करमाळ्याचा म्हणून बाजूस सारता येणार नाही.

सारांश, परीकथा वास्तवात आणणे म्हणजे तिच्यातील अद्भुत वजा करणे, ही व्याख्या अपुरी आहे. कथा ज्या गृहीतावर उभी असते ते गृहीत आपल्या समाजात टिकते की नाही, हे तपासून पाहणे आणि न टिकल्यास ते कोणी मोडले हे सांगणे, ही खरी कसोटी होय. 'एव्हर आफ्टर' ह्या कसोटीपर्यंत पोहोचत नाही, 'सैराट' पोहोचतो. त्याने परीकथेला खोटे ठरविले नाही. तिचे मागणे रास्त मानले, आणि ते मागणे नाकारणाऱ्यांची नावे घेतली. आपल्या अभ्यासक्रमात लोककथेची रचना शिकविताना ह्या चित्रपटाचा समावेश झाल्यास विद्यार्थ्यांना प्रॉपची एकतीस कार्ये तर कळतीलच. शिवाय एकतिसाव्या कार्यानंतर काय घडते, हे विचारण्याची सवयही त्यांना लागेल.